चाळीस जणांची ट्रिप काढताय? आधी वार बघा, बस नंतर

दर दिवाळीनंतर मला हमखास तीन-चार फोन येतात, कधी सोसायटीतून, कधी भिशीतून, कधी ज्येष्ठ नागरिक संघातून, आणि सगळ्यांची सुरुवात एकच असते, "ताई, बस बुक झालीये, ॲडव्हान्स पण दिला, आता फक्त प्लॅन सांगा." इथेच गाडं फसलेलं असतं. कारण बस बुक झाली म्हणजे तारीख ठरली, तारीख ठरली म्हणजे वार ठरला, आणि वार कुणीच बघितलेला नसतो.

मी हे शहाणपण सांगतेय ते स्वतः तोंडावर पडून आलेलं आहे. माझ्या पहिल्या मोठ्या ट्रिपला आम्ही ३८ जण सिंहगड रोडवरून रविवारी निघालो, सोमवारी सकाळी थेट अजिंठ्याच्या टी पॉइंटवर, म्हणजे लेण्यांच्या अलीकडे जिथे बाहेरच्या गाड्या थांबतात तिथे. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, आज सोमवार." लेणी बंद. आलो तसे शंभर किलोमीटर परत. मग म्हटलं ठीक आहे, उद्या वेरूळ करू. वेरूळ मंगळवारी बंद. त्या ट्रिपमध्ये आम्ही बीबी का मकबरा बघितला, दौलताबाद अर्धा चढलो आणि पैठण्या घेतल्या. आजही सोसायटीत कुणी ट्रिपचा विषय काढला की एक काका हळूच विचारतात, "कुठला वार आहे?"

म्हणून क्रम असा ठेवा: वार, मग माणसं, मग पैसे, मग गाडी, मग मुक्काम, आणि सगळ्यात शेवटी कुठे किती वाजता. खाली उदाहरण म्हणून पुणे ते छत्रपती संभाजीनगर ही तीन दिवसांची ट्रिप घेतलीये कारण सगळ्यात जास्त ग्रुप तिकडेच जातात आणि सगळ्यात जास्त चुका पण तिथेच होतात, पण पद्धत म्हैसूरला, हंपीला, हैदराबादला, राजस्थानला सगळीकडे तीच चालते.

१. वार आणि पंचांग

एक कागद घ्या आणि बघायच्या प्रत्येक जागेपुढे साप्ताहिक सुट्टीचा वार लिहा. अजिंठा सोमवार. वेरूळ मंगळवार. आग्र्याचा ताजमहाल शुक्रवार. दिल्लीचा लाल किल्ला आणि नॅशनल म्युझियम सोमवार. हैदराबादचं सालारजंग म्युझियम आणि चौमहल्ला पॅलेस, दोन्ही शुक्रवार. म्हैसूरचा राजवाडा रोज चालू असतो, पण दिव्यांची रोषणाई रविवारी आणि सरकारी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे तिथे उलटं, रविवारची रात्र म्हैसूरमध्ये पडली तर बरं.

मग दुसरा रकाना, गर्दीचा वार. घृष्णेश्वरला सोमवारी आणि श्रावणात रांग लांबच लांब. खुलताबादच्या भद्रा मारुतीला शनिवारी तसंच. रविवारी वेरूळच्या कैलास लेण्यात फोटो काढणाऱ्यांची एवढी दाटी असते की गाईडचा आवाज ऐकू येत नाही. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन आणि १९ नोव्हेंबरला वारसा सप्ताहाची सुरुवात, या दोन दिवशी पुरातत्त्व खात्याच्या जागी बहुतेक वर्षी फुकट प्रवेश असतो, ऐकायला छान वाटतं पण शाळांच्या सहली पण त्याच दिवशी येतात, तिकिटाचे चाळीस रुपये वाचवायला जाऊ नका.

तिसरा रकाना आपल्या लोकांसाठी. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, पितृपक्ष. चाळीसातले पंचवीस जण उपासाचे निघाले आणि हॉटेलवाल्याला कल्पना नसली तर सकाळी सकाळी साबुदाणा कुठून आणणार तो?

हे तीन रकाने भरले की संभाजीनगरसाठी दोनच कॉम्बिनेशन नीट बसतात. निवृत्त मंडळी असतील तर बुध-गुरू-शुक्र. नोकरीवाले असतील तर शुक्र-शनि-रवि, त्यात शनिवारी अजिंठा आणि रविवारी वेरूळ पण अगदी उजाडता उजाडता. शनि-रवि-सोम हा लाँग वीकेंडचा मोह आवरा. "सोमवारी तर सुट्टी आहे ना, मग लेणी चालूच असणार" असं समजणारे दरवर्षी भेटतात. सुट्टी तुम्हाला असते, लेण्यांचा बंदचा वार तोच राहतो.

तपासा: ट्रिपच्या आधी पंधरा दिवस आणि पुन्हा दोन दिवस आधी, प्रत्येक जागा चालू आहे का ते फोन करून किंवा अधिकृत साइटवर बघा. डागडुजी, व्हीआयपी दौरा, निवडणूक, काहीही निघतं.

२. माणसं मोजा, आणि गुडघे पण

ग्रुपवर "कोण कोण येणार?" असं विचारलं की चाळीस अंगठे येतात. अंगठा म्हणजे माणूस नाही. माणूस म्हणजे नाव, वय, फोन, घरच्या एकाचा फोन, आणि ॲडव्हान्स. तोवर यादीत घेऊ नका.

यादी करताना तीन प्रश्न फोनवर विचारा, ग्रुपवर नको कारण ग्रुपवर कुणी खरं सांगत नाही. एक, दोनशे पायऱ्या चढाल का? दोन, गाडी लागते का? तीन, रोजच्या गोळ्या कुठल्या? दौलताबादला वरपर्यंत साधारण साडेसातशे पायऱ्या आहेत, अजिंठ्याला सुरुवातीलाच चढ आहे. "मी सिंहगड चढायचो" असं म्हणणारे काका तो किल्ला १९८८ साली चढलेले असतात, हे लक्षात ठेवून दोन गट आधीच पाडा, चालणारा गट आणि निवांत गट. निवांत गटाला कमी लेखू नका, त्यांच्यासाठी पण एक माणूस आणि एक कार्यक्रम पाहिजे, नाहीतर ते तीन तास पार्किंगमध्ये बसतात आणि त्या तीन तासांचा राग जेवणावर निघतो.

राजस्थानला जाणार असाल तर हेच आधी विचारून घ्या कारण जोधपूरच्या मेहरानगडला वर जायला लिफ्ट आहे पण जयपूरच्या आमेर किल्ल्याला मोठी बस वर जात नाही, खालून जीप करावी लागते किंवा चालावं लागतं, तो खर्च आणि वेळ वेगळा धरावा लागतो.

३. पैसे

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खर्च भागिले चाळीस. चाळीसातले चार-पाच जण शेवटच्या आठवड्यात गळतात, कुणाच्या नातवाला ताप, कुणाच्या मुलीचं अमेरिकेतून अचानक येणं. बसचं भाडं मात्र तेवढंच राहतं. म्हणून बस, गाईड, पार्किंग असे ठरलेले खर्च ३४ वर भागा, आणि जेवण, खोली, तिकीट असे डोक्यामागचे खर्च माणशी धरा. पैसे उरले तर परत द्या, लोक खूश होतात. नंतर मागितले तर ती ट्रिप दहा वर्षं ऐकावी लागते.

ॲडव्हान्स घेतानाच लिहून द्या, किती दिवस आधी रद्द केलं तर किती परत. तोंडी नको. माझा नियम साधा आहे, पंधरा दिवस आधीपर्यंत पूर्ण परत, त्यानंतर बसचा वाटा कापून, आणि शेवटच्या तीन दिवसात बदली माणूस आणलात तरच. कडक वाटतो, पण पाळला की भांडणं होत नाहीत.

पैसे ठेवायला वेगळं खातं वापरा, घरखर्चाच्या खात्यात घेऊ नका, कारण मग दुधाचे आणि ट्रिपचे यूपीआय एकत्र होतात आणि रात्री दोनला एक्सेल घेऊन बसावं लागतं. आणि खर्च एकाने करायचा, हिशोब दुसऱ्याने लिहायचा.

४. गाडी

आता कुठे बसवाल्याला फोन. आधी त्याचं गणित समजून घ्या कारण इथे पुणेकर शंभर रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो आणि खरे पैसे दुसरीकडेच जातात.

बाहेरगावच्या बसला बहुतेक ठिकाणी रोजचे किमान किलोमीटर लावतात, सहसा ३०० च्या आसपास, आणि मोजणी गॅरेज ते गॅरेज असते, तुमच्या गेटपासून नाही. संभाजीनगरचंच बघा. जाताना अंदाजे २३५, येताना २३५, अजिंठा जाऊन-येऊन २००, वेरूळ जाऊन-येऊन ६०, गावातलं फिरणं आणि गॅरेजचं मिळून आणखी ६०-७०. म्हणजे ८०० च्या आत-बाहेर. पण तीन दिवसांचे किमान ९०० तर तुम्ही देणारच आहात. म्हणजे शंभर किलोमीटर तुमच्याकडे जमा आहेत, आणि पैठण संभाजीनगरपासून साधारण ५० वर आहे, जाऊन-येऊन बरोबर बसतं, नाथांच्या समाधीचं दर्शन डिझेलचे जादा पैसे न देता होतं. वेळ बसत असेल तरच हं, नाहीतर तीन तास जादा बसून लोक वैतागतात.

बुकिंग करताना हे लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल पण लिहून: टोल कुणाचा, पार्किंग कुणाचं, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता आणि जेवण कुणाचं, रात्री उशिरा गाडी चालवली तर जादा किती, एसी घाटात बंद करणार का, आणि दुसऱ्या राज्यात जात असाल तर परमिट आणि त्या राज्याचा टॅक्स कुणाचा. शेवटचं विसरलात तर बॉर्डरवर ड्रायव्हर हसत हसत हात पुढे करतो. एकदा आमच्याकडे असंच झालं, बसवाल्याचा फोन बंद आणि आम्ही रस्त्याच्या कडेला वर्गणी काढतोय.

सीटवरून भांडण ठरलेलं, म्हणून पहिल्या दोन रांगा सत्तरीच्या पुढच्यांना आणि गाडी लागणाऱ्यांना, त्या बदलायच्या नाहीत. बाकी रांगा रोज सकाळी फिरवायच्या, पुढचे मागे मागचे पुढे. शेवटची रांग तरुणांना, स्पीड ब्रेकरला ती उडते.

रेल्वेने जाणार असाल तर

रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाहीये. ऑनलाइन एका तिकिटावर जास्तीत जास्त ६ जण. त्यामुळे चाळीस जणांची सात तिकिटं होतात, सहा-सात जणांनी आपापल्या आधार जोडलेल्या अकाउंटवरून सकाळी ८ ला एकदम बसायचं, एकाच माणसावर टाकू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोअर बर्थचा ज्येष्ठांचा कोटा (पुरुष ६० पासून, बायका ४५ पासून) हा एकट्याच्या किंवा दोघांच्या तिकिटाला मिळतो, सहा जणांच्या तिकिटात आजी घातलीत की तो कोटा गेला. म्हणून ज्येष्ठांची तिकिटं दोन-दोनची वेगळी काढा. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, बजेट करताना ती धरू नका.

५. मुक्काम

हॉटेलचे फोटो बघून बुक करू नका, पाच प्रश्न विचारा. बस गेटपर्यंत येते का? लिफ्ट चालू आहे का आणि तळमजल्यावर किती खोल्या? गरम पाणी किती ते किती? सकाळी सहाला चहा-नाश्ता मिळेल का? आणि कमोड किती खोल्यांत आहे? शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात, मग गुडघेदुखीवाल्या काकू दुसऱ्या दिवशी काहीच न खाता-पिता फिरतात.

खोल्यांची वाटणी घरूनच करून न्या. लॉबीत चाळीस माणसं, चाळीस बॅगा आणि "आम्हाला त्यांच्याबरोबर नको" हे सगळं एकदम सुरू झालं की एक तास गेला. आधार कार्डांचे फोटो दोन दिवस आधी हॉटेलला पाठवले तर चाव्या पंधरा मिनिटांत मिळतात. ओरिजिनल कार्ड तरीही जवळ ठेवायला सांगा.

इथे थांबून तपासा: वार पक्का, यादी पक्की, पैसे आलेत, बसचं लिहून घेतलंय, खोल्या वाटल्यात? यातलं एक जरी अर्धवट असेल तर पुढचं वेळापत्रक करण्यात अर्थ नाही.

६. वेळापत्रक: चाळीस जणांचं घड्याळ वेगळं असतं

तुम्ही दोघं कारने जाता तेव्हा चहाला दहा मिनिटं लागतात. बसला दार एकच असतं. चाळीस जण उतरायला सहा-सात मिनिटं, बाथरूमची रांग, चहा, कुणाला तरी वेफर्स घ्यायचे असतात, पुन्हा चढणं, मोजणी. कुठलाही थांबा पस्तीस मिनिटांपेक्षा कमी धरू नका, आणि दर दोन तासांनी थांबा हवाच. जिथे थांबणार तिथे अर्धा तास आधी फोन करून चहाची ऑर्डर द्या, निम्मा वेळ वाचतो. थांबा निवडताना बायकांची बाथरूम किती आणि पाणी आहे का ते विचारा, मिसळ कशी आहे ते नंतर.

पुण्यातून पहाटे पाचला चाकं हलली पाहिजेत. पाचला जमायचं असं सांगितलंत तर पावणेसहाला निघाल, आणि वाघोली-शिक्रापूरला कंपन्यांच्या बसेसमध्ये सापडाल, मग रांजणगाव एमआयडीसीपर्यंत तेच. म्हणून साडेचारला जमा, पाचला निघा, शिरूरच्या पुढे नाश्ता. पिकअप पॉइंट दोनच ठेवा. कोथरूड, वारजे, स्वारगेट, हडपसर असं सगळ्यांना दारातून उचलत बसलात तर पुण्यातून बाहेर पडायलाच दोन तास.

शुक्र-शनि-रवि धरून माझा क्रम असा असतो.

पहिला दिवस फक्त पोचण्याचा. दुपारी बाराच्या आसपास हॉटेल, जेवण, आडवं होणं, चार-साडेचारला मकबरा. संध्याकाळच्या उन्हात तो छान दिसतो आणि फिरायला सपाट आहे. पहिल्याच दिवशी दौलताबाद चढवू नका, पहाटे तीनला उठलेली माणसं असतात ती.

दुसरा दिवस अजिंठा, पूर्ण दिवस. फुलंब्री, सिल्लोड करत अडीच-तीन तास लागतात. लेणी नऊला उघडतात, म्हणून सहाला गाडी सोडा. "अजिंठा-वेरूळ एका दिवसात करू" असं कुणी म्हणालं तर त्याला नकाशा दाखवा, दोन्ही शहराच्या वेगवेगळ्या दिशांना आहेत.

तिसरा दिवस वेरूळ आणि परत. सकाळीच खोल्या सोडा, बॅगा डिकीत. खोली दुपारपर्यंत मिळत असली तरी तिचा मोह नको, जेवायला म्हणून पुन्हा शहरात आलात की दीड तास गेला. वाटेत दौलताबादजवळ रस्ता जुन्या दरवाज्यातून जातो, सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्या खोळंबतात, म्हणून साडेसहाला तिथून पार व्हा.

७. आदला आठवडा

तिकिटं. पुरातत्त्व खात्याचं अजिंठा-वेरूळचं तिकीट भारतीयांना सध्या ४० रुपये, ऑनलाइन काढलं तर ३५, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. आदल्या रात्री हॉटेलच्या वायफायवर काढा आणि क्यूआरचे स्क्रीनशॉट तीन जणांच्या फोनमध्ये ठेवा, तिकडे लेण्यांपाशी नेटवर्क मिळेलच असं नाही आणि खिडकीपाशी चाळीस जणांना उभं करून पासवर्ड आठवत बसणं म्हणजे शिक्षा.

गाईड. मान्यताप्राप्त, ओळखपत्रवाला, आणि मराठीत बोलणारा मागा. वीस जणांमागे एक, चाळीसला एक घेतलात तर मागचे वीस फक्त ट्रिप करतात, माहिती पुढच्यांनाच. किती लेणी दाखवणार आणि किती तास, हे आधी ठरवा.

सामान. ट्रिपचं सामान आणि दिवसाचं सामान वेगळं, हे चार वेळा सांगा. गोळ्या, चष्मा, पाणी, टोपी हातातल्या पिशवीत. दरवेळी कुणाची तरी बीपीची गोळी डिकीतल्या सगळ्यात खालच्या बॅगेत असते आणि क्लीनर बिचारा रस्त्यावर सोळा बॅगा मांडतो.

चपला. हे वाचून हसाल, पण अजिंठ्याला चित्रांच्या लेण्यांमध्ये पादत्राणं काढावी लागतात, म्हणजे दोन-तीन तासांत चार-पाच वेळा वाकायचं. नाडीचे बूट आणि बक्कलवाल्या सँडल नकोत. पाय घालून निघता येईल अशी पण मागून धरणारी चप्पल, आणि एक जोडी मोजे, दगड गार किंवा तापलेला असतो.

८. निघायचा दिवस: हजेरी

नावं वाचून हजेरी घेऊ नका, वेळ जातो आणि झोपलेला माणूस "हो" म्हणतो किंवा त्याची बायको त्याच्यासाठी "हो" म्हणते. प्रत्येकाला १ ते ४० नंबर द्या. बस सुटायच्या आधी प्रत्येकाने आपला नंबर मोठ्याने म्हणायचा, जिथे अडलं तो माणूस खाली आहे. दीड मिनिटात होतं. पहिल्या दिवशी सगळे खिदळतात, दुसऱ्या दिवशी आपोआप म्हणतात.

बसचा आणि नंबर प्लेटचा फोटो, पार्किंगच्या जागेचा फोटो, ग्रुपवर. ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहील अशी सेटिंग ट्रिपपुरती करा, नाहीतर "गुड मॉर्निंग"च्या गुलाबाखाली पार्किंगचा फोटो हरवतो.

सांभाळा: वेळ सांगताना "अर्ध्या तासाने" म्हणू नका. "अकरा वाजून दहा मिनिटांनी बसमध्ये" असं म्हणा.

९. अजिंठ्यात

तुमची बस टी पॉइंटलाच थांबते. पुढचे साधारण चार किलोमीटर एसटीच्या शटल बसने, तिचं तिकीट वेगळं. बाथरूम उरकूनच वर चढायचं, हे माईकवर सांगा. खाणं वर नेऊ नका, माकडं आहेत.

तिशी-एक लेणी सगळी बघायची नाहीत. १, २, १६, १७, १९ आणि २६, एवढी नीट बघा. १ नंबरमध्ये सगळे ग्रुप आधी घुसतात, आणि चित्रांच्या लेण्यांमध्ये एका वेळी ठराविक माणसंच सोडतात, म्हणून चालणाऱ्या गटाला थेट २६ पर्यंत नेऊन मागे येत येत बघायला सांगा, आणि निवांत गट पहिल्या दोन लेण्यांमध्ये सावकाश. दोन्ही गट एकमेकांच्या रांगेत येत नाहीत. ज्यांना चढच नको त्यांच्यासाठी डोलीवाले असतात, भाव जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट ठरवा.

गाईडला सांगा, जे सांगायचं ते बाहेर ओट्यावर सांग, आत फक्त बोट दाखव. आत अंधुक उजेड असतो, डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात लोक "काही दिसत नाही" म्हणून बाहेर येतात. बाहेर सगळं ऐकून घेतलेलं असलं आणि आत शांत उभं राहिलं की १ नंबरच्या भिंतीवरचा पद्मपाणी बोधिसत्त्व हळूहळू दिसायला लागतो. फ्लॅशला सक्त मनाई आहे, आणि कुणाच्या तरी मोबाईलचा फ्लॅश ऑटोवर असतोच, म्हणून लेण्याबाहेर सगळ्यांचा फ्लॅश बंद करून घ्या, आजोबांचा तुम्ही स्वतः हातात घेऊन करा.

तपासा: शेवटच्या शटलची वेळ पोचल्या पोचल्या विचारून ठेवा.

वेरूळला उलटं. तिथे सकाळी लवकर आत सोडतात, म्हणून गेल्या गेल्या १६ नंबर, कैलास, गर्दी यायच्या आत. मग १० आणि १२, आणि मग बॅटरीच्या गाडीने ३२. १ ते ३४ ओळीने चालत सुटणारे ग्रुप कैलासपाशी पोचेपर्यंत थकलेले असतात, आणि जैन लेणी तर राहूनच जातात, जी मला विचाराल तर कोरीवकामात सगळ्यात सुबक आहेत. कैलासच्या कडेने डोंगरावर जाऊन वरून बघता येतं, फोटो फार सुंदर येतो, पण कडा सरळ तुटलेला आहे, मुलांना एकटं सोडू नका आणि पाठ करून सेल्फी तर अजिबात नको.

दौलताबाद करायचाच असेल तर चालणाऱ्या गटालाच न्या. त्यातला अंधारी नावाचा बोगदा खरंच अंधारा आहे, वटवाघळं आहेत, वास आहे, टॉर्च पाहिजे. ज्यांना दमा आहे किंवा बंद जागेची भीती वाटते त्यांना चांदमिनारपाशीच थांबवा, खालचा भाग पण बघण्यासारखा आहे.

१०. देवळात

घृष्णेश्वर वेरूळच्या लेण्यांपासून अगदी जवळ आहे. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना शर्ट-बनियन काढावं लागतं, हे आधी सांगितलं नाही तर ऐन दारात लाजणं सुरू होतं. कातडी पट्टा, पाकीट, मोबाईल बसमध्येच ठेवायला लावा, एक माणूस सामानापाशी थांबेल आणि दुसऱ्या फेरीत जाईल.

दक्षिणेत जाणार असाल तर एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: तमिळनाडू आणि केरळात बरीचशी मोठी देवळं दुपारी बंद होतात, साधारण साडेबारा ते चार. आपले लोक राजवाडा सकाळी आणि देऊळ दुपारी ठेवतात आणि तीन तास बंद दारापुढे बसतात. देऊळ सकाळी, म्युझियम दुपारी. आणि तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामीला पुरुषांना धोतर किंवा मुंडू आणि बायकांना साडी लागते, पंजाबी ड्रेस असेल तर वरून मुंडू गुंडाळायला लावतात, अशी चार-पाच धोतरं ग्रुपची म्हणून बरोबर ठेवा. अमृतसरला डोकं झाकायला रुमाल.

११. म्युझियम आणि राजवाडे

यावर थोडक्यात, कारण नियम एकच आहे, दीड तास. त्यानंतर कुणीच काही बघत नाही, सगळे बाक शोधतात. म्हणून पाच दालनं निवडा आणि तेवढीच दाखवा. सालारजंगला जात असाल तर बाराच्या आधी संगीत घड्याळासमोर बसून जागा धरा, बाराला बारा ठोके पडतात म्हणून सगळे तेव्हाच जमतात. हंपीला कमळमहाल, विठ्ठल मंदिर आणि कमलापूरचं म्युझियम एकाच तिकिटात होतं, पण त्याच दिवशी, म्हणून ते तिकीट टाकून देऊ नका. तिकीट खिडकी बंद व्हायची वेळ आणि जागा बंद व्हायची वेळ या दोन वेगळ्या असतात, खिडकी आधी बंद होते.

सराव करायचा असेल तर आपल्या पुण्यातच शनिवारवाडा, केळकर म्युझियम आणि आगाखान पॅलेस असा एक दिवस याच चाळीस जणांना घेऊन करा. कोण उशिरा येतं, कोण हरवतं, कोणाला दर तासाला चहा लागतो, सगळं स्वस्तात कळतं.

१२. परत आल्यावर

उतरताना शेवटचा माणूस तुम्ही. प्रत्येक सीटखाली, वरच्या रॅकवर आणि पुढच्या जाळीत हात घालून बघा, चष्मे, चार्जर आणि औषधाचे डबे तिथेच सापडतात, एकदा कवळीसुद्धा सापडली होती, डबीत होती पण मालकाने दोन दिवस कबूलच केलं नाही. ड्रायव्हरचे उरलेले पैसे देण्याआधी किलोमीटरचा फोटो काढा, निघतानाचा फोटो तुमच्याकडे आहेच (नसेल तर पुढच्या वेळी पहिलं काम ते).

हिशोब तीन दिवसांत, बिलांच्या फोटोसकट, ग्रुपवर. उरलेले पैसे ज्याचे त्याला, अगदी ६२ रुपये असले तरी. आणि हिशोब टाकला की ग्रुप सगळ्यांसाठी उघडा करा, मग येऊ देत गुलाब.